सशाचे पोट आणि माणसाचे हात

सशाच्या पोटात लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर अंधनाल नावाची मोठी पिशवी असते. पचनमार्गातला सुमारे ४० टक्के ऐवज एकट्या तिच्यात मावतो. गवतातले तंतू तिथले जिवाणू आंबवतात. त्यातून निघणाऱ्या मऊ, चकचकीत लेंड्यांचा द्राक्षासारखा घोस ससा थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन खातो. नवख्या माणसाला हा जुलाब वाटतो. प्रत्यक्षात तो सशाचा रोजचा आहारच आहे. खरा जुलाब पाण्यासारखा असतो. शेपटीखालची लव भिजून चिकटते, ससा कोपऱ्यात अंग चोरून बसतो आणि गवताला तोंड लावत नाही.

बहुतेक वेळा बिघाड आतूनच सुरू होतो. पोळी, बिस्किटे, गोड फळे यांचा मारा झाला आणि गवत कमी पडले, की उपयोगी जिवाणू मागे पडतात. मग स्प्रिंगसारखा वळणदार क्लॉस्ट्रिडियम स्पायरोफॉर्म माजतो. त्याचे विष आतड्याच्या पेशी मोडते. नुकतेच दूध सुटलेले पिल्लू यात एक-दोन दिवसांत दगावू शकते. अमॉक्सिसिलिन किंवा क्लिंडामायसिन तोंडावाटे दिल्यानेही हेच घडते. माणसाला बरे करणारी गोळी सशाचा जीव घेऊ शकते, हे पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायलाच हवे. कोवळ्या पिल्लांना ई. कोलायचाही धोका असतो, कारण त्यांच्या जठरातले आम्ल अजून पुरेसे तीव्र झालेले नसते.

क्लॉस्ट्रिडियम स्पायरोफॉर्मची बाधा सहसा माणसाला होत नाही. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर आणि ई. कोलायचे काही प्रकार मात्र सशाच्या विष्ठेतून हाताला, हातातून तोंडात जाऊ शकतात, आणि असा ससा वरून ठणठणीतही दिसतो. हा धोका कमी आहे, पण पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेले यांना तो महागात पडू शकतो. लिस्टेरिया हा जिवाणू तर १९२६ मध्ये केंब्रिजच्या प्रयोगशाळेत मरणाऱ्या सशांमध्येच प्रथम वर्णिला गेला. माणसाकडे तो येतो तो मुख्यतः दूषित अन्नातून.

पिंजऱ्याचा ट्रे स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नये. सशाला हात लावल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुवावेत. लहान मुलांचे हात मोठ्यांनी धुऊन द्यावेत. आणि सशाला जुलाब लागले किंवा त्याने खाणे सोडले, तर घरातले औषध न देता त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.