अम्मीचे पांढरे हिरे

अम्मीच्या इंतकालानंतर चाळीसएक दिवसांनी आम्ही तिघी बहिणी सक्करदऱ्याच्या घरी जमलो आणि तिचं कपाट उघडलं. कपडे गरजूंना द्यायचे, भांडी वहिनीकडे ठेवायची, दागिने तर नावालाच उरलेले. वारसांचे हिस्से शरीअतने ठरवून दिलेले आहेत, त्यात वादाला जागा नव्हती. पण खालच्या कप्प्यात जुन्या ओढणीत गुंडाळलेलं एक पुठ्ठ्याचं खोकं निघालं आणि आम्ही थबकलो. आत काचेची बाटली. तिच्या गळ्याभोवती सोनेरी बो आणि त्या बोवर चमचमणारे खडे. तळाशी बोटभर पिवळसर अत्तर शिल्लक होतं. याचे हिस्से कसे करायचे?

लहानपणी आम्हाला ते खडे खरे हिरे वाटायचे. दोन खडे कधीतरी निखळले, तर अम्मीने तिच्या दुपट्ट्याचे टिकलीएवढे खडे फेव्हिकॉलने चिकटवले होते. ते आजही वेगळे कळतात, कारण दुपट्ट्याचे खडे काळवंडले आणि मूळचे तसेच राहिले.

बाटलीचं नाव 'व्हाइट डायमंड्स', म्हणजे पांढरे हिरे. अब्बा जिद्दाला एसी दुरुस्तीच्या कामावर होते. दोन-दोन वर्षांनी घरी येत. मुंबईला उतरायचे, विदर्भ एक्सप्रेसने नागपूरला यायचे. दोरीने करकचून बांधलेली बॅग अंगणात उघडली की मोहल्ल्यातली निम्मी पोरं गोळा व्हायची. टँगचा डबा, दुधाची पावडर, जाड ब्लँकेट, कोड्या तेल. ज्या घरातला कुणी आखातात होता, त्या घरात ही यादी पाठ असेल. १९९४ साली त्या बॅगेतून ही बाटली निघाली.

बाटलीवरचं नाव एलिझाबेथ टेलर या अमेरिकन नटीचं. तिचे सिनेमे आमच्या घरात कुणी पाहिलेले नव्हते, पण तिची दागिन्यांची हौस जगजाहीर होती. ३३ कॅरेटहून मोठ्या हिऱ्याची अंगठी ती रोजच्या वापरात घालायची. स्पेनच्या राजघराण्यातला 'ला पेरेग्रिना' नावाचा जुना मोती तिच्याकडे होता. तो एकदा हॉटेलच्या खोलीत हरवला आणि शेवटी तिच्या कुत्र्याच्या पिल्लाच्या तोंडात सापडला, असं तिने स्वतःच सांगितलं आहे. अशा बाईने अत्तर काढलं तर त्याला हिऱ्या-मोत्यांचं नाव मिळणारच. १९८७ साली तिचं 'पॅशन' आलं आणि १९९१ साली 'व्हाइट डायमंड्स'. मग १९९३ साली एकदम तीन आली: हिरे आणि पाचू, हिरे आणि माणिक, हिरे आणि नीलम. १९९६ साली काळ्या मोत्यांच्या नावाचं आलं. त्याच्या जाहिरातीसाठी ती एकाच रात्री अमेरिकन टीव्हीच्या चार मालिकांत झळकली, हरवलेले काळे मोती शोधत! नटनट्यांनी आपल्या नावाने अत्तर विकण्याची आज जी रांग लागली आहे, तिच्या अगदी पुढच्या टोकाला ही बाई उभी आहे. तिने सिनेमांपेक्षा अत्तरांतून जास्त कमावलं, असं तिच्या मृत्यूनंतर, २०११ साली, बऱ्याच ठिकाणी छापून आलं.

'व्हाइट डायमंड्स'च्या जाहिरातीत ती जुगाराच्या टेबलापाशी येते, कानातलं हिऱ्याचं डूल काढते आणि हरत आलेल्या गड्यासमोर टाकते. आम्हाला ती जाहिरात फार पुढे, मोबाइलवर पाहायला मिळाली. जुगार वगैरे बघून अम्मीने नाक मुरडलं. "अस्तगफिरुल्लाह, डूल असं फेकतात का?" एवढंच ती म्हणाली.

पण बाटलीच्या आत काय होतं ते सांगायला हवं, कारण ते आपल्याला परकं नाही. सुरुवातीचा तीक्ष्ण, कोरा, इस्त्रीच्या कपड्यासारखा वास अल्डिहाइड नावाच्या रसायनांचा. त्यामागे लिली, नर्गिस, निशिगंध, चमेली, गुलाब. निशिगंध तर आपल्याकडे लग्नाच्या मंडपात असतोच. शिवाय नेरोली, म्हणजे कडू संत्र्याच्या फुलाचं तेल. आपलं नागपुरी संत्रं निराळं, पण भावकी तीच. आंबिया बहाराच्या दिवसांत काटोल-कळमेश्वरकडे बागेच्या कडेने एसटी गेली की खिडकीतून जो गोडसर झोत येतो, त्याच घराण्यातला हा वास. तळाला चंदन, पाचोळी, अंबर आणि 'ओकमॉस'. ओकमॉस म्हणजे ओकच्या झाडावर वाढणारं एक दगडफूलच. हो, आपल्या काळ्या मसाल्यातलं, सावजी रश्श्यात पडतं ते दगडफूल त्याचं भावंड! अम्मीला हे कळलं असतं तर ती पोट धरून हसली असती. तिच्या मसाल्याच्या डब्यातही दगडफूल आणि कपाटातल्या हिऱ्यांच्या बाटलीतही.

हिरे आणि अत्तर यांची सांगड अमेरिकेत पहिल्यांदा बसली असं मात्र कुणी समजू नये. बादशहा जहांगीरने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे की नूरजहाँची आई अस्मत बेगम गुलाबपाणी काढत असताना गरम गुलाबपाण्यावर तेलाची साय धरलेली तिला दिसली. तिने ती थेंब-थेंब गोळा केली. एक थेंब तळहातावर चोळला तर सगळी मजलिस दरवळली. बादशहाने खूश होऊन तिला मोत्यांची माळ बक्षीस दिली आणि सलीमा सुलतान बेगमने त्या तेलाला 'इत्र-ए-जहांगीरी' असं नाव दिलं. लोकांच्या तोंडी ही गोष्ट नूरजहाँच्या नावावर चढली आहे, पण जहांगीरने श्रेय दिलंय ते तिच्या आईला. तेव्हा बाईने सुगंध काढला आणि बदल्यात मोती आले. एलिझाबेथ टेलरच्या बाबतीत आधी मोती होते, सुगंध मागून आला.

आणि गंमत अशी की याच नूरजहाँचं नाव त्या नटीच्या गळ्यातही होतं. १९७२ साली तिच्या चाळिसाव्या वाढदिवशी तिचा नवरा रिचर्ड बर्टन याने तिला बदामाच्या आकाराचा एक हिरा दिला. त्याला 'ताजमहाल हिरा' म्हणत. त्यावर फारसी अक्षरांत नूरजहाँ बेगमचं नाव आणि १०३७ हे हिजरी साल कोरलेलं आहे. तिच्या पश्चात डिसेंबर २०११ मध्ये न्यूयॉर्कला तिच्या दागिन्यांचा लिलाव झाला, त्यात तो ८८ लाख डॉलरला गेला. पुढे घेणाऱ्याने शंका काढली की हा खरंच मुघल काळातला आहे कशावरून? सौदा मोडला, पैसे परत झाले, प्रकरण कोर्टात गेलं. नाव कोरलेल्या हिऱ्याची ही गत, तर आमच्या चिकटवलेल्या खड्यांचं काय घेऊन बसलात!

अम्मी ही बाटली कशी वापरायची, तर जपून. फारच जपून. घरात आणताच तिने पहिला सवाल केला तो स्पिरिटचा. आमच्या मोहल्ल्यातल्या एका आलिमना विचारलं. त्यांनी सांगितलं की यात उलेमांची मतं वेगवेगळी आहेत. द्राक्ष किंवा खजुरापासून न बनलेलं स्पिरिट अंगाला, कपड्याला लागलं तर हरकत नाही असं बरेच जण म्हणतात, काही जण टाळायला सांगतात. अम्मीने मधला रस्ता काढला. नमाजच्या कपड्यांना अत्तराचा फाया, आणि बाटली फक्त ईदला घरात किंवा लग्नात बायकांच्या बैठकीत. रस्त्यावर निघताना कधीच नाही. उर्सच्या दिवसांत ती शेजारणींबरोबर पायी ताजबागला जायची, तेव्हा तर तिला कशाची गरजही नव्हती. बाबा ताजुद्दीन याच सक्करदऱ्यात राजे रघुजीराव भोसल्यांच्या वाड्यात राहिलेले. त्यांच्या उर्सला शाही संदल निघतो तेव्हा उमरेड रोडपर्यंत हवेत चंदन, गुलाब आणि लोबान भरलेलं असतं. आमच्या ओळखीत दर्ग्यावर जाणारे आहेत, न जाणारेही आहेत. पण त्या दिवसांत सक्करदऱ्यात राहून तो वास नाकारता येत नाही.

जपण्याचा परिणाम असा झाला की पंचवीस वर्षांत बाटली संपली नाही. अत्तरालाही वय असतं. उडून जाणारे वरचे वास, म्हणजे संत्र्याचं फूल आणि अल्डिहाइड, आधी मरतात. फुलं फिकट होतात, तळाचं चंदन-अंबर टिकतं. ऊन, उष्णता आणि हवा हे तीन दुश्मन. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ वर असताना, पत्र्याच्या कपाटात काहीही तापतं. अम्मीला यातलं रसायन माहीत नव्हतं, पण तिने बाटली खोक्यात, खोकं ओढणीत आणि ओढणी माठाच्या खोलीतल्या कपाटाच्या अगदी तळाला ठेवली होती. जाणकार याहून वेगळं काही सांगत नाहीत. ज्यांच्या घरी अशी बाटली आहे त्यांनी ती बाथरूममध्ये किंवा आरशासमोर उजेडात ठेवू नये, एवढं या निमित्ताने सांगून ठेवतो. रंग गडद झाला म्हणून लगेच फेकूही नये. आधी कापडावर मारून बघावं. सिरक्यासारखा आंबूस वास बराच वेळ राहिला तर मात्र अंगाला लावू नये.

आमचा भाचा कॉलेजात शिकतो. त्याने खोकं हातात घेतलं, तळाचा बॅच नंबर बाटलीच्या तळाशी जुळतो का पाहिलं आणि म्हणाला, "खाला, हे विंटेज आहे. याला शौकीन लोक चांगले पैसे देतात." तो चुकीचं बोलत नव्हता. ओकमॉसने काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते म्हणून त्याच्या वापरावर पुढे बंधनं आली. म्हैसूरचं चंदनही दुर्मिळ आणि महाग झालं. त्यामुळे जुनी अत्तरं त्याच नावाने आज मिळतात तेव्हा बरेचदा नव्याने जुळवलेली असतात, आणि जुनी बाटली शोधणारे लोक असतात. आपल्या अत्तराचंही तेच झालंय म्हणा. पूर्वी गुलाबाचा, केवड्याचा अर्क कन्नौजच्या देग-भपक्यातून चंदनाच्या तेलात उतरायचा. आता ठेल्यावरच्या स्वस्त कुपीत चंदनाच्या जागी बहुधा पॅराफिन असतं.

आमच्यात मतभेद झाले. धाकटी म्हणाली, विकू आणि ते पैसे अम्मीच्या नावाने सदका करू. मोठी म्हणाली, आहे तसं ठेवू. मधलीचं म्हणणं असं की अम्मीने आयुष्यभर जपलं आणि वरचा वास उडून गेला, आता आपण तरी वापरून संपवू. भाईजान नेहमीप्रमाणे गप्प. शेवटी ठरलं की अब्बांना विचारायचं. एक तर त्यांचा हिस्सा आहे, आणि बाटली आणली त्यांनीच.

अब्बांना करोना झाल्यापासून वास फारसा येत नाही. त्यांच्यासमोर ही गोष्ट काढायची म्हणजे आमची जीभ रेटेना. मधलीने अम्मीच्या ओढणीच्या पदरावर एक फवारा मारला. स्प्रे आधी दोनदा कोरडाच गेला, तिसऱ्यांदा चालला. खोलीत पहिल्यांदा काहीच नाही, मग स्पिरिट, आणि मग हळूहळू तळाचा तो चंदनाचा, किंचित पावडरसारखा वास आला. मोठीने तोंड फिरवलं. ईदच्या सकाळी शीरखुर्मा ढवळणाऱ्या अम्मीच्या कुशीत शिरलं की येणारा वास तोच होता.

अब्बांनी ओढणी नाकाला लावली, बराच वेळ.

"येतो," ते म्हणाले. "थोडा येतो."

खरंच येत होता की आमच्यासाठी म्हणाले, ते आम्ही विचारलं नाही. मग त्यांनी आपणहून सांगितलं. त्या वर्षी जिद्दाच्या बाजारात त्यांच्या हातात तेवढेच रियाल होते. एक बारीक सोन्याची अंगठी घ्यायची की ही बाटली, असा प्रश्न होता. आम्हाला हे कधीच माहीत नव्हतं. अम्मीच्या बांगड्या आमच्यातल्या एकीच्या डी.एड.च्या फीसाठी इतवारीच्या सराफ्यात गेल्या होत्या. हार घराच्या स्लॅबला गेला, झुमके दादीच्या ऑपरेशनला. दरवेळी अम्मी स्वतःच डबी काढून द्यायची.

"अंगठी घेतली असती तं तीबी गेली असती इतवारीत," अब्बा म्हणाले. "मनात म्हटलं, असं काही नेऊ का ते तिला विकताच नाही आलं पाहिजे."

भाच्याने बाटली हळूच खोक्यात ठेवली. विकायचा विषय त्या दिवशी निघाला नाही, आणि नंतरही नाही. सदका आम्ही आमच्या पैशातून केला. बाटली अब्बांच्याच कपाटात आहे, खालच्या कप्प्यात, ओढणीत. या ईदला मधलीच्या म्हणण्याप्रमाणे आम्ही तिघींनी एकेक फवारा घेतला आणि आमच्यातल्या सर्वांत छोट्या पोरीने खडे मोजले. दोन काळे का, असं तिने विचारलं.