उतरते पाणी, चढते पाणी

पाण्यापासून वीज होते हे आपण शाळेतच शिकतो. विजेपासून पाणी कसे मिळते हे मात्र इंदापूर तालुक्यात हिंडल्याखेरीज उमगत नाही. बारामतीहून सकाळी लवकर निघाले, तर नीरा डाव्या कालव्याचा मुलूख, भीमानगरजवळचे उजनी धरण व वीजगृह, आणि परतीच्या वाटेवर फुगवट्याकाठच्या फळबागा, एवढे एका दिवसाच्या सहलीत सहज पाहून होते.

बारामतीची जुनी बागायत ही नीरेची देणगी. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर दख्खनमध्ये कालव्यांच्या कामांना जोर आला आणि १८८५ मध्ये नीरा डावा कालवा वाहू लागला. हा कालवा जमिनीच्या उताराने चालतो. त्याला पंप लागत नाही, वीज लागत नाही. उलट, वर भाटघरला हेच पाणी धरणाच्या पायथ्याशी जनित्र फिरवून मगच खाली येते. तेथील १६ मेगावॉटचे वीजगृह १९७७ मधले. मात्र वीज हवी म्हणून पाणी सोडायचे, असा तेथला रिवाज नव्हे. शेतीचे आवर्तन सुटले की वीज, एरवी जनित्र स्वस्थ! वीज येथे पाण्यामागून येते. आवर्तन लांबले, की कालव्याच्या शेवटाकडचा, म्हणजे इंदापूरकडचा शेतकरी आभाळाकडे पाहतो.

भीमेवरील उजनीची गोष्ट निराळी. १९८० मध्ये पुरे झालेल्या या धरणाचे कालवे खाली सोलापूर जिल्ह्याकडे जातात. इंदापूरच्या वाट्याला आला तो फुगवटा आणि त्यात बुडालेल्या जमिनी. ज्यांची काळी शिवारे गेली, त्यांना वरच्या माळावर सरकावे लागले; पाणी डोळ्यांसमोर, पण पायाखाली! माळावर पाणी न्यायचे तर ते उचललेच पाहिजे.

उचलण्याचा हिशेब सोपा आहे. १,००० लिटर पाणी ३० मीटर खाली पडले, तर त्यातून फार तर ०.०८ युनिट वीज मिळू शकते. तेच पाणी तितकेच वर चढवायला किमान तेवढीच वीज लागते. पंप, पाइप आणि मोटार यांतली घट धरली, तर प्रत्यक्षात दीडपट-दुप्पट. निसर्ग हा असा कडक सावकार आहे. उजनीच्या वीजगृहातले १२ मेगावॉटचे यंत्र तर दोन्ही कामांसाठी घडवलेले आहे : एका दिशेने फिरले की वीज देते, उलट फिरले की खालचे पाणी पुन्हा जलाशयात चढवते. सबंध तालुक्याचा व्यवहार या एका यंत्रात पाहायला मिळतो, असे मला वाटले.

मग डाळिंब, पेरू, द्राक्ष यांच्या बागांत ठिबकच्या नळ्या का, हेही उलगडते. थेंब वाचला म्हणजे नुसते पाणी वाचले असे नाही. ते चढवायची वीजही वाचली. उसाला मोकळे पाट पाणी देणाऱ्याला हे पटवणे अजूनही कठीण जाते! त्यातून शेतीपंपाची वीज ठरावीक तासच येते. पाळी रात्रीची असली, तर बागाईतदाराने विजेरी घेऊन अंधारात मोटारीवर जायचे.

खरी कसोटी उन्हाळ्यात लागते. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट, पण त्यातला निम्म्याहून अधिक, सुमारे ६३ अब्ज, मृत साठा म्हणून मोजतात. पातळी त्याखाली गेली, की वर्तमानपत्रांत 'उजनी वजा' असे आकडे येऊ लागतात. फुगवट्याकाठचा शेतकरी तेव्हाही थांबत नाही. तो चर खणतो, पाइपाला पाइप जोडतो, केबल लांबवतो आणि मोटार पाण्यामागे खाली नेतो. जितके खाली जाल, तितके अधिक चढवावे लागते, म्हणजे विजेचा खर्च ऐन टंचाईतच वाढतो. पाणी फार हटले, की जुन्या पळसदेवचे बुडालेले देऊळ उघडे पडते. लोक ते पाहायला जातात. आणि त्याच गाळातून मोटारींच्या केबली पाण्याच्या शोधात पुढे सरकत असतात.