शेजारी बदलला, चुंबक बदलला

पावसाळा ओसरला की गाढी नदीच्या पात्रातली मूठभर वाळू वाळवा, कागदावर पसरा आणि कागदाखालून चुंबक फिरवा. काळे बारीक कण ताठ उभे राहतील आणि चुंबकामागे सरकत जातील. माथेरानच्या डोंगरातून झिजून आलेला हा बेसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. पनवेलकर रोज ज्या कातळावरून चालतो, त्यात चुंबक ठासून भरलेला आहे!

या कणांतलं मुख्य खनिज मॅग्नेटाइट, म्हणजे लोह आणि ऑक्सिजन. शुद्ध असेल तर ते 580 अंश सेल्सिअसपर्यंत चुंबकत्व टिकवतं. त्यापुढे उष्णतेची थरथर लोहाच्या अणूंची शिस्त मोडते. या मर्यादेला क्युरी तापमान म्हणतात. पण लाव्हातून तयार झालेलं मॅग्नेटाइट सहसा शुद्ध नसतं. लोहाच्या काही जागा टायटॅनियमने घेतलेल्या असतात आणि तिथल्या टायटॅनियमला स्वतःचं चुंबकत्व नसतं. त्याचा वाटा वाढत गेला की क्युरी तापमान 150 अंशांपर्यंतही उतरतं. आणखी वाढला, तर स्फटिकाची मांडणी तीच राहूनही नेहमीच्या तापमानाला चुंबकत्व उरत नाही. म्हणून खडकाचा तुकडा हळूहळू तापवायचा आणि चुंबकत्व कुठे मावळतं ते पाहायचं. त्यावरून टायटॅनियम किती, याचा अंदाज बांधता येतो. खडकांच्या चुंबकत्वाचा अभ्यास करणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था नवीन पनवेलमध्येच आहे, हे कितीजणांना ठाऊक असेल?

इथवरचं समजायला सोपं आहे: चुंबकी अणू काढला, चुंबकत्व घटलं. मला खरा अचंबा वाटतो तो युरेनियमचा.

खाडीपल्याडच्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) अणुसंशोधन केंद्रामुळे युरेनियम म्हटलं की आपल्याला अणुभट्टीच आठवते. पण युरेनियम, ऱ्होडियम आणि जर्मेनियम यांचं संयुग साडेनऊ केल्विनखाली, म्हणजे उणे 263 अंशांच्याही खाली, लोहचुंबक बनतं. ऱ्होडियमऐवजी कोबाल्ट घेतलं तर ही मर्यादा जेमतेम 3 केल्विन. मग दोन्ही मिसळली तर मधलाच काहीतरी आकडा यावा ना? तसं होत नाही. कोबाल्ट 60 टक्क्यांच्या आसपास असताना मर्यादा 20 केल्विनवर चढते! उलट ऱ्होडियमच्या 38 टक्के जागी रुथेनियम आलं की लोहचुंबकत्व पार नाहीसं होतं.

यात युरेनियमच्या एकाही अणूला हात लावलेला नाही. बदलले फक्त शेजारी. युरेनियमचे चुंबकत्व देणारे इलेक्ट्रॉन ना पुरते घरबशे, ना पुरते भटके. शेजाऱ्यांच्या इलेक्ट्रॉनांशी ते किती मिसळतात, त्यावर चुंबकत्व जगतं किंवा मरतं.

कोबाल्टच्या संयुगात तर चुंबकत्वाबरोबर अतिवाहकताही (वीज विनारोध वाहणं) नांदते, हे 2007 मध्ये दिसून आलं. एरवी या दोघांचं हाडवैर. त्यातल्या जर्मेनियमच्या सुमारे 12 टक्के जागी सिलिकॉन घातलं की दोन्ही एकदमच संपतात.