विश्लेषण : स्वस्त रायफलही अचूक कशी? अमेरिकी शिकाऱ्याने पैसे नेमके कुठे घालावेत?

अमेरिकेत नोव्हेंबर उजाडला की अनेक राज्यांत हरणांच्या शिकारीचा हंगाम भरात येतो. पहिलीच रायफल घ्यायला आलेल्याला दुकानात एकाच फळीवर ५०० डॉलरची रायफल दिसते आणि २,००० डॉलरचीही. दोन्ही ‘बोल्ट-ॲक्शन’; म्हणजे प्रत्येक गोळीनंतर दांडा हाताने मागे-पुढे करून नवे काडतूस भरायचे. महागडी असेल तीच अचूक, हा समज एके काळी बराचसा खरा होता. आता तो तसा राहिलेला नाही.

स्वस्ताई आली कुठून?

रायफलची अचूकता मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते. नळी किती चांगली, बोल्ट काडतुसामागे किती सरळ बसतो आणि हा सगळा सांगाडा दस्त्यात किती पक्का बसतो. पूर्वी ही जुळवणी कारागीर घासून-पुसून करीत आणि तिची मजुरी किमतीत येई. १९५८ मध्ये आलेल्या ‘सॅव्हेज ११०’मध्ये नळी एका मोठ्या नटने आवळली जाते. त्यामुळे बोल्ट आणि काडतूस यांच्यातील अंतर मापकाने झटपट जुळवता येते. ‘रुगर अमेरिकन’ २०१२च्या सुमारास बाजारात आली तेव्हा तिची छापील किंमत ४४९ डॉलर होती. तिची नळी यंत्राच्या हातोड्यांनी थंड अवस्थेतच ठोकून घडवलेली, तर दस्त्यात बसवलेले व्ही आकाराचे धातूचे ठोकळे सांगाडा जागच्या जागी धरून ठेवतात. कारागिराचे काम आराखड्यातच उरकले गेले.

काटकसर मग दिसते कुठे? प्लास्टिकच्या दस्त्यात आणि खरखरत सरकणाऱ्या बोल्टमध्ये. बोल्टची खरखर वापराने कमी होते. दस्ता मात्र दुकानातच तपासावा. नळी आणि दस्ता यांच्यामधून कागदी नोट सरकवून पाहायची. दस्ता दाबल्यावर ती अडकली, तर गोळी झाडताना दस्ता नळीला टेकणार आणि नेम हलणार.

‘एक एमओए’ म्हणजे किती?

विक्रेत्याच्या तोंडी हा शब्द हमखास असतो. एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. १०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, तो जेमतेम २.७ सेंटिमीटर भरतो. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण २० सेंटिमीटर रुंद असतो. दोन एमओएची ‘सामान्य’ रायफलही २०० यार्डांवर गोळ्या साधारण ११ सेंटिमीटरच्या वर्तुळात टाकते. म्हणजे हरणासाठी रायफल पुरेशी आहे. चुकतो तो धापा टाकत, उभ्याने नेम धरणारा माणूस. आणि इथे चूक म्हणजे कागदावरचे भोक नव्हे, तर जखमी होऊन झाडीत निसटलेले, तासन्‌तास तडफडणारे जनावर.

जाहिरातीतील हमीही नीट वाचायला हवी. ‘वेदरबी’ची प्रसिद्ध हमी ०.९९ इंचाची आहे, पण तीन गोळ्यांची आणि निवडक काडतुसांसह. गणित सांगते, की त्याच रायफलने दहा गोळ्या झाडल्या तर वर्तुळ सरासरी दीडपटीहून मोठे होते. तीन गोळ्यांचा छोटा ठिपका मिरवणारा फोटो त्यामुळे फारसे काही सिद्ध करीत नाही.

चाप : इथे तडजोड नको

जड चाप ओढताना हातासोबत नळीही हलते. सॅव्हेजने २००० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्राहकाला स्वतः जुळवता येणारा ‘ॲक्युट्रिगर’ आणला आणि इतरांनाही त्या वाटेने जावे लागले. पण हलका चाप सुरक्षितही हवा. रेमिंग्टनने २०१४ मध्ये २००६ पासूनच्या ‘मॉडेल ७००’ आणि ‘मॉडेल सेव्हन’ रायफली परत मागवल्या होत्या, कारण जुळणीतील दोषामुळे त्यातून आपोआप गोळी सुटण्याचा धोका होता. जुनी रायफल स्वस्तात मिळत असेल, तर आधी तिचा अनुक्रमांक कंपनीकडून तपासून घेणे उत्तम.

उरलेले पैसे कुठे?

दुर्बीण आणि काडतुसे. ५०० डॉलरच्या रायफलवर ५० डॉलरची दुर्बीण बसवली, तर पहाटेच्या अंधूक उजेडात हरीण दिसणारच नाही. काडतुसांना प्रत्येकी साधारण डॉलर-दोन डॉलर पडतात. सराव महागतो तो इथेच, आणि नवखे हात आखडतात तेही इथेच. म्हणून सहज मिळणारे आणि खांद्याला कमी धक्का देणारे काडतूस निवडावे. १९५५ चे ‘.२४३ विंचेस्टर’ किंवा हॉर्नाडीने २००७ मध्ये आणलेले ‘६.५ क्रीडमूर’ नवख्याला सोसवते. ‘.३०० मॅग्नम’च्या दणक्याने मात्र माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागतो.

तिथल्या मराठी मंडळींना घेता येते?

ग्रीन कार्डधारकाला, पार्श्वभूमी तपासणीनंतर, साधारणपणे होय. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या व्यक्तीला संघीय कायद्याने बंदूक बाळगण्यास मनाई आहे. पण अमेरिकेतील वैध शिकार परवाना असेल, तर त्यातून सूट मिळते. राज्यांचे नियम वेगळे. भारतात मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. अमेरिकेतील खरेदीत आणखी एक खर्च दडलेला असतो. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार प्रत्येक नव्या रायफलवर आणि काडतुसांवर उत्पादकाला ११ टक्के कर भरावा लागतो. तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो; हरणांच्या अधिवासाची देखभाल त्यातूनही होते.