ग्राइंडरच्या ठिणग्या काय सांगतात?

सिलतरा (रायपूर) : रायपूर-बिलासपूर मार्गावरील सिलतरा औद्योगिक क्षेत्रात स्पंज आयर्न व पोलादाचे कारखाने दाटीने उभे आहेत. अशा ठिकाणची लोहकणमिश्रित धूळ हँड ग्राइंडरच्या मोटारीला विशेष घातक ठरते. ती केवळ खरखरीत नसते. तिच्यातून वीजही वाहू शकते.

ग्राइंडरच्या फिरत्या आर्मेचरला वीज मिळते ती कार्बन ब्रशमार्फत. कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर घासून हे ब्रश आखूड झाले, की स्प्रिंगचा दाब अपुरा पडतो आणि ठिणग्या वाढतात. बारीक निळसर ठिणग्यांनी घाबरण्याचे कारण नाही. मात्र कम्युटेटरभोवती आगीचे कडे दिसले किंवा जळका वास आला, तर काम तेथेच थांबवावे. नवे ब्रश नीट बसवूनही कडे कायम राहिले, तर दोष बहुधा आर्मेचरच्या वाइंडिंगमध्ये असतो. मग पुन्हा ब्रश बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणेच.

उघडण्यापूर्वी प्लग काढावा. ब्रश जोडीनेच बदलावेत. धूळ माफक दाबाच्या कोरड्या हवेने काढावी. डोळ्यांवर चष्मा हवाच. कम्युटेटरला एमरी कागद लावू नये, कारण त्याचे वीजवाहक कण पट्ट्यांमधील फटींत अडकू शकतात.

खरा धोका मोटार जळण्यापुरता नाही. साचलेल्या धुळीतून यंत्राच्या धातूच्या भागापर्यंत विजेला वाट मिळू शकते. दोन पिनांच्या ग्राइंडरला अर्थिंग नसते. सारी भिस्त दुहेरी इन्सुलेशनवर. त्यामुळे अशा जोडणीवर ३० मिलीअँपिअर गळतीला वीज तोडणारी आरसीसीबी असणे आवश्यक आहे.