गायनवृंदातील बेस गिटार : थोडे वाजवावे, वेळेवर वाजवावे

नाशिक रोडच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारी महिन्यात जे भाविक येतात, त्यांच्या कानांवर दोन दिवसांत अनेक गायनवृंद पडतात. एका मिस्साचा गायनवृंद वाद्ये आवरत असतो, तोच दुसऱ्या धर्मग्रामाची मंडळी आपल्या तारा लावू लागतात. अशाच एका मधल्या वेळेत, मंडपाच्या मागील बाजूस, दोन बेस गिटारवादकांचा चाललेला संवाद आम्हांला ऐकावयास मिळाला. एक साठीच्या घरातले. तरुणपणी मुंबईत लग्नसमारंभांतील वाद्यवृंदांत वाजवीत असलेले. दुसरा अभियांत्रिकीचा विद्यार्थी. काकांच्या हाती चार तारांची, रंग उडालेली गिटार होती. तरुणाच्या हाती पाच तारांची नवी कोरी.

तरुणाची तक्रार अशी होती, की त्याच्या गायनवृंदात त्याला प्रत्येक कॉर्डचा मूळ स्वर तेवढा वाजवावयास सांगितले जाते. "एवढा सराव केला तो काय दोन स्वरांसाठी?" असे त्याने विचारले. गायनवृंद सोडण्याचा विचारही त्याने बोलून दाखविला. काकांनी उत्तर दिले नाही. त्यांनी त्याची गिटार मागून घेतली, एक स्वर छेडला आणि विचारले, "हा थांबवायचा केव्हा, ते कुणी शिकवलं का रे तुला?"

प्रिय वाचकहो, हा प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला. आमच्या अनेक धर्मग्रामांत आता कीबोर्डच्या जोडीला बेस गिटार आली आहे. वर्गणी काढून ती विकत घेतली जाते. परंतु ती नेमके काय करते, हे गायनवृंदाबाहेरच्या फारच थोड्यांना ठाऊक असते. बेस वाजत असताना तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. ती थांबली, की मात्र गाणे एकाएकी पोकळ वाटू लागते.

साध्या गिटारला सहा तारा असतात, बेसला बहुधा चार. या चार तारा गिटारच्या खालच्या चार तारांच्या बरोबर एक सप्तक खाली लावलेल्या असतात. गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंपने सेकंदाला सुमारे 82, तर बेसच्या जाड तारेची सुमारे 41. पाच तारांच्या बेसला त्याखाली आणखी एक तार असते. तिची कंपने जेमतेम 31 भरतात. एवढा खर्जातला स्वर नीट उमटावा म्हणून तार जाड आणि लांब लागते. गिटारच्या तारेची कंप पावणारी लांबी सुमारे 25 इंच, तर बेसची सर्वसाधारणपणे 34 इंच असते. लहान चणीच्या मुलामुलींसाठी 30 इंचांच्या बेस मिळतात. बोटे ताणून दुखविण्यापेक्षा त्या बऱ्या.

या वाद्याचे वय फारसे नाही. पूर्वी खर्जाचे काम माणसाहून उंच असा लाकडी डबल बेस करीत असे. तो उभा धरून वाजवावा लागे, बसगाडीत मावत नसे आणि मोठ्या वाद्यवृंदात ऐकूही येत नसे. 1951 साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी गिटारसारखी गळ्यात अडकविता येणारी, विजेवर चालणारी बेस बाजारात आणली. तिच्या मानेवर धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, बसविलेले असल्यामुळे स्वर अचूक लागे. म्हणूनच तिचे नाव 'प्रिसिजन' ठेवण्यात आले. 1960 साली त्यांच्याच कारखान्यातून 'जॅझ बेस' निघाली. तिची मान निमुळती आणि पिकअप दोन. आज दुकानांत दिसणाऱ्या बहुतेक बेस या दोहोंपैकी एकीच्या वळणाच्या असतात. जर्मनीतील हॉफ्नर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची हलकी बेसही प्रसिद्ध आहे. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांनी ती जगाला दाखविली. (त्यांची 1961 साली घेतलेली बेस 1972 साली चोरीला गेली आणि पन्नासहून अधिक वर्षांनी त्यांना परत मिळाली. 2024 साली ही वार्ता जाहीर झाली. हरवलेले वाद्य परत मिळण्याचा आनंद वादकच जाणे!)

त्या दिवशीच्या संवादात तारांविषयीही बरेच बोलणे झाले. तरुणाच्या बेसला गोल वेटोळ्यांच्या तारा होत्या. त्यांचा स्वर चकचकीत, खणखणीत येतो आणि बोट घसरताना 'चर्र' असा आवाज होतो. काकांच्या तारा चपट्या वेटोळ्यांच्या, हाताला गुळगुळीत. त्यांचा स्वर काहीसा दबलेला, गोल, जुन्या डबल बेससारखा. अमेरिकेतील मोटाउन कंपनीच्या असंख्य गीतांत बेस वाजविणारे जेम्स जेमरसन (1936–1983) अशाच चपट्या तारा वापरीत. त्या सहसा बदलीत नसत आणि उजव्या हाताचे केवळ तर्जनीचे बोट वापरीत. त्यांचे वादन मात्र सोपे म्हणता येणार नाही. एका बोटाने त्यांनी जे विणले, ते दहा बोटांना जमणार नाही. साधेपणाचा खरा आदर्श म्हणून वादक मंडळी नाव घेतात ते डोनाल्ड डन (1941–2012) यांचे. गायकाच्या ओळीखाली जेवढे हवे तेवढेच ते वाजवीत.

तरुणाने अर्थातच मुंबईच्या मोहिनी डे यांचे नाव काढले. ते योग्यच होते. 1996 साली जन्मलेल्या या वादिकेने लहान वयात जी गती मिळविली, ती थक्क करणारी आहे, आणि 2023 साली तिचा स्वतःच्या नावाचा संग्रहही प्रसिद्ध झाला. तिचे वादन ऐकताना आम्हीही खुर्चीच्या टोकावर बसतो. परंतु तेथे लोक तिला ऐकावयास आलेले असतात. रविवारी सकाळी साडेसातच्या मिस्साला आलेली मंडळी स्वतः गावयास आलेली असतात. आमच्या मते हा भेद लक्षात घेतला, की अर्धा वाद मिटतो.

उरलेला अर्धा चर्चच्या भिंती मिटवितात. 41 कंपनांच्या स्वराची एक लाट सुमारे साडेआठ मीटर लांब असते. आपल्या चर्चच्या भिंती गिलाव्याच्या, फरशी दगडी, छत उंच. उच्च स्वर माणसांच्या कपड्यांत, पडद्यांत बरेचसे शोषले जातात. खर्जाचे स्वर मात्र कठीण भिंतींवर आपटून परत येत राहतात. वादकाने तार सोडली तरी स्वर सभागृहात रेंगाळतो. त्यातच पुढचा स्वर, त्यात आणखी पुढचा मिसळला, की ऐकू येते ती नुसती घरघर. हातांनी आठ स्वर वाजविले, कानांपर्यंत एकही पोहोचला नाही, अशी अवस्था. म्हणूनच काकांचा प्रश्न 'थांबवायचा केव्हा' हा होता. डावे बोट तारेवरून उचलायचे नाही, नुसते सैल करायचे. तार मुकी होते. पुढील स्वराच्या किंचित आधी हे केले, की प्रत्येक स्वराभोवती थोडीशी मोकळी जागा राहते आणि तो स्वच्छ ऐकू येतो.

आणखी एक अडचण ध्वनिक्षेपकांची. अनेक चर्चमध्ये भिंतींवर उंच, अरुंद स्पीकर लावलेले असतात. ते प्रवचनासाठी, म्हणजे माणसाच्या बोलण्यासाठी असतात. बेसची तार त्यांतच जोडली, तर खालचा स्वर त्यांच्याने निघत नाही आणि आवाज वाढविला तर पडदा फडफडू लागतो. बेसला स्वतःचा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर हवा. नवी पाच तारांची बेस घेण्यासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या गायनवृंदांना आम्ही सुचवू, की चार तारांची साधी बेस घ्यावी आणि वाचलेले पैसे अ‍ॅम्प्लिफायरला लावावेत. पाचव्या तारेचा 31 कंपनांचा स्वर भिंतीवरच्या स्पीकरमधून कुणालाच ऐकू येणार नाही.

आता प्रत्यक्ष वादनाकडे वळू. आपली पुष्कळ गीते अशी आहेत, की त्यांना तीन कॉर्ड पुरतात. गीत 'डी' या पट्टीत असेल तर 'डी', 'जी' आणि 'ए'. बेसवर 'डी' हा स्वर 'ए'च्या तारेवर पाचव्या फ्रेटला, 'ए' जाड तारेवर पाचव्या फ्रेटला आणि 'जी' त्याच तारेवर तिसऱ्या फ्रेटला सापडतो. म्हणजे संपूर्ण गीतात हात तिसऱ्या आणि पाचव्या फ्रेटच्या बाहेर जात नाही. नवख्याला हे एका संध्याकाळी येते. ते दर वेळी समेवर, न घाई न उशीर, असे यावयास मात्र काही वर्षे लागतात. ख्रिस्तशरीर स्वीकारताना भाविक रांगेत चालत, हातात पुस्तक नसताना गात असतात. त्यांचा पाय आणि श्वास बेसच्या त्या एका स्वरावर टेकलेला असतो. ओळ संपली, की सर्वजण श्वास घेतात. त्या क्षणी अनेक उत्साही वादक रिकामी जागा दिसली म्हणून दहा स्वरांची कलाकुसर भरतात आणि मागच्या बाकांवरील आजीबाई पुढची ओळ केव्हा उचलावी या संभ्रमात पडतात. एका सणाच्या मिस्साला आमच्याच गायनवृंदात असे घडले. आम्हां गाणाऱ्यांना त्या वादनाचे मोठे कौतुक वाटले होते. तिसऱ्या कडव्याला मागे वळून पाहिले, तेव्हा गात होतो ते आम्हीच.

नाशिकच्या माणसाला हे समजावयास परदेशी उदाहरणे लागू नयेत. येथला ढोल सर्वदूर प्रसिद्ध आहे. पथकात ताशा थोडे, ढोल पुष्कळ. बोटांची चपळाई ताशेवाला दाखवितो. ढोलकरी ठराविक ठोका धरून असतो. सर्वच ढोलकऱ्यांनी ताशा वाजवावयाचे ठरविले तर मिरवणूक कुणाच्या पावलावर चालेल?

आपल्या धर्मप्रांतात दुसरीही एक परिस्थिती आहे. 1987 साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झालेला आपला धर्मप्रांत केवळ नाशिक शहरापुरता नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील धर्मग्रामांत आणि हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत पेटी, तबला, ढोलकी यांच्या साथीने भजने गायिली जातात. तेथे बेस गिटार नेली तर काय करावे? भजनी ठेक्यात किंवा केरव्यात खर्जाचे काम तबल्याचा डग्गा आधीच करीत असतो. बेसने वेगळेच काही वाजविले, तर दोघांची टक्कर होते. अशा वेळी डग्ग्याच्या मुख्य आघातावर षड्ज धरावा, अधूनमधून पंचम घ्यावा. तंबोऱ्याची चार तारांची बेस झाली असे समजावे. चाल मालकंसासारख्या पंचमवर्ज्य रागातली असेल, तर तंबोऱ्याप्रमाणेच पंचमाऐवजी मध्यम घ्यावा. कॉर्ड बदलत राहण्याचा मोह येथे कटाक्षाने टाळावा. रागावर बांधलेली चाल एका षड्जावर उभी असते. तो पायच हलविला, तर चाल ओळखू येत नाही.

'गिटार चर्चमध्ये चालते का?' असे जुनी मंडळी अजूनही विचारतात. त्यांच्या शंकेला आधार आहे. 22 नोव्हेंबर 1903 रोजी, संत सिसिलिया यांच्या सणाच्या दिवशी, पोप दहावे पायस यांनी काढलेल्या आदेशात पियानो आणि ढोल-झांजांसारखी गोंगाटी वाद्ये चर्चमध्ये निषिद्ध ठरविली होती. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचे संविधान प्रसिद्ध केले. त्यात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान कायम ठेवून, पवित्र कार्याला योग्य असलेल्या किंवा योग्य करता येणाऱ्या इतर वाद्यांना अधिकाऱ्यांच्या संमतीने प्रवेश देण्यात आला. 1967 सालच्या 'म्युझिकाम साक्रम' या सूचनापत्राने त्यात महत्त्वाची भर घातली. वाद्यांनी गाणाऱ्यांच्या आवाजाला आधार द्यावा, परंतु शब्द समजू नयेत इतका आवाज करू नये. आणि धर्मगुरू आपल्या अधिकारातील प्रार्थना म्हणत असताना वाद्ये मुकी असावीत, असा तिचा आशय आहे. प्रार्थनेखाली हळूच बेस घुमवीत राहण्याची जी पद्धत काही ठिकाणी पडली आहे, ती या सूचनेत बसत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे.

प्रायश्चित्तकाळात तर नियम आणखी सोपा आहे. त्या चाळीस दिवसांत, चौथा रविवार आणि सण-सोहळे वगळता, वाद्ये केवळ गायनाला आधार म्हणून वाजवावयाची. पवित्र गुरुवारच्या गौरवगीतापासून पुनरुत्थानाच्या जागरणविधीतील गौरवगीतापर्यंतही तेच. स्वतंत्र वादनाला तेथे जागाच नाही.

त्या दिवशी मंडपामागे शेवटी काय झाले, ते सांगावयाचे राहिले. काकांनी तरुणाला पाचवी तार विसरून एक गीत वाजवून दाखविण्यास सांगितले आणि स्वतः ते गुणगुणू लागले. ओळीच्या शेवटी तरुणाचे बोट सवयीने पुढे धावले. काकांनी हाताने थांबविले. दुसऱ्या वेळी तो थांबला. तिसऱ्या वेळी शेजारी चहा पीत उभ्या असलेल्या दोन भगिनीही गाऊ लागल्या. तेवढ्यात त्याच्या गायनवृंदाची पाळी आली, आणि तो वायर गुंडाळीत घाईघाईने मंडपाकडे निघाला.