डव्हटेलचा ठेपा घेताना

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमधला डव्हटेलचा जॉब आठवतो? माझ्या जॉबमध्ये एवढी फट होती की सर म्हणाले, "यातून पोस्टकार्ड टाकता येईल." सबमिशन झालं आणि डव्हटेल मी विसरलो. तो पुन्हा भेटला कापूरहोळला.

पुणे-सातारा हायवेवरून भोरचा रस्ता जिथे फुटतो, त्या फाट्याजवळ माझ्या मामांचं सुतारकामाचं शेड आहे. सुट्टीत गेलो तर मामांच्या हातात ४० स्टडी टेबलांची ऑर्डर. प्रत्येकाला एक ड्रॉवर, म्हणजे पुढच्या कोपऱ्यांचे ८० जोड. मामा हाताने सुरेख डव्हटेल करतात, पण मुदत होती एक महिना. म्हणाले, "तू इंजिनिअर होणार ना? मग ठेपा कुठला घ्यायचा ते सांग."

आधी डव्हटेलच का? ड्रॉवर आपण रोज पुढे ओढतो. साधा खिळा किंवा फेविकॉलचा जोड त्या ओढीने सुटत जातो. डव्हटेलमध्ये बाजूच्या फळीची शेपटी टोकाकडे रुंद असते, त्यामुळे ओढीच्या दिशेने ती निसटूच शकत नाही. प्राचीन इजिप्तच्या लाकूडसामानातही हा जोड सापडतो. हाताने करताना मऊ लाकडाला १:६ आणि कठीण लाकडाला १:८ उतार धरतात.

ठेपा म्हणजे राउटरला वाट दाखवणारी फणी. राउटरच्या बुडाला बसवलेला गाइड बुश फणीच्या बोटांना घासत जातो आणि बिट खाच पाडतो. मुख्य प्रकार दोन. पहिला स्थिर फणीचा. यात बाजूची फळी उभी व दर्शनी फळी आडवी आवळतात, आणि दोन्ही एकाच फेरीत कापल्या जातात. जोड समोरून दिसत नाही, म्हणून ड्रॉवरला उत्तम. दुसरा सरकत्या बोटांचा. यात शेपट्यांची रुंदी व अंतर हवं तसं ठेवता येतं, पण तो बराच महाग आणि सेटिंगला वेळखाऊ.

मी अर्थातच महागडा सुचवला. मामांनी एकच प्रश्न विचारला, "चाळीसही ड्रॉवर एकाच मापाचे. बोटं हलवून करायचं काय?" मी गप्प. स्थिर फणीचाच ठेपा घेतला.

त्याची अडचण म्हणजे बोटांमधलं अंतर बदलत नाही. आमच्या ठेप्यात ते ७/८ इंच होतं. ड्रॉवरची उंची ठरली होती ५ इंच, त्यात एका कडेला अर्धवट तुकडा उरायचा. गिऱ्हाइकाला विचारून उंची सव्वापाच इंच केली. बरोबर सहा भाग, दोन्ही कडा सारख्या! तेव्हा आधी ठेप्याचं अंतर बघा, मग ड्रॉइंग करा.

दुसरी गोष्ट शँकची. पाव इंच शँक म्हणजे ६.३५ मिमी. ती ६ मिमी कोलेटमध्ये जात नाही आणि ८ मिमीच्या कोलेटमध्ये पकड घेत नाही. ठेपा, बिट, बुश आणि राउटर यांचा मेळ दुकानातच बघावा.

पहिला नमुना ढिला झाला. मी बिट वर घेतला, तर आणखी ढिला! इथे गणित आपल्या अंदाजाच्या उलट चालतं. डव्हटेल बिट टोकाला रुंद असतो. तो खोल गेला की खाचेचा तळ तेवढाच राहतो, पण तोंड अरुंद होतं आणि जोड घट्ट बसतो. बिट केसभर खाली घेतला आणि काम झालं. म्हणून आधी त्याच जाडीच्या टाकाऊ फळीवर नमुना कराच. आणि बिट फिरत असताना राउटर वर उचलू नका, नाहीतर फणीची बोटंच कापली जातील.

ऑर्डर मुदतीत गेली. शेवटच्या दिवशी मामांनी आजीच्या पेटीचं झाकण दुरुस्तीला घेतलं. मी ठेपा पुढे केला, तर त्यांनी करवत आणि पटाशी उचलली. म्हणाले, "चार जोडांना कशाला? तेवढ्या वेळात माझी पेटी होईल."

थोडक्यात, ठेपा निवडायचा तो कॅटलॉग बघून नव्हे, तर जोड मोजून. ८० असतील तर जरूर घ्या. चार असतील तर वर्कशॉपची करवत अजून तिथेच टांगलेली आहे.